काचेवरची प्रक्रिया, खडबडीतपणा आणि स्पर्शकोन: क्रम कुठे चुकतो आणि नीट कसा करायचा

थिन फिल्मवर, म्हणजे काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांवर, काम करणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या अहवालांत एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: ‘प्रक्रियेनंतर काचेचा खडबडीतपणा ०.५ नॅनोमीटरवरून २ नॅनोमीटर झाला, त्यामुळे पाण्याचा स्पर्शकोन ४५ अंशांवरून १२ अंशांवर आला.’ स्पर्शकोन म्हणजे थेंबाची कड काचेला ज्या कोनात भेटते तो कोन; पाणी जितके पसरते तितका तो लहान. दोन्ही मोजमापे बरोबर असू शकतात. मधला ‘त्यामुळे’ चुकीचा असतो.

गणित करून बघा. खडबडीतपणाचा स्पर्शकोनावर होणारा परिणाम वेन्झेलच्या समीकरणाने काढतात: खडबडीत पृष्ठभागावरच्या कोनाचा कोसाइन म्हणजे सपाट पृष्ठभागावरच्या कोनाचा कोसाइन गुणिले क्षेत्रगुणक. क्षेत्रगुणक म्हणजे चढउतार धरून येणारे खरे क्षेत्रफळ भागिले वरून दिसणारे सपाट क्षेत्रफळ. दोन नॅनोमीटरच्या चढउतारांनी हा गुणक फार तर १.०१ च्या आसपास जातो. ४५ अंशांचा कोसाइन ०.७०७. त्याला १.०१ ने गुणले की ०.७१४, म्हणजे ४४.४ अंश. अर्ध्या अंशाचा फरक! कोन १२ अंशांवर आणायचा तर गुणक १.३८ लागेल, त्यासाठी काचेचा सगळा पृष्ठभाग सुमारे ४४ अंशांच्या उतारांनी भरलेला असायला हवा. दोन नॅनोमीटरवाली काच तशी नसते. कोन उतरला तो काचेवरचा सेंद्रिय मळ गेला आणि खालचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे पाण्याला ओढणारे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, उघडे पडले म्हणून.

तेव्हा वेटेबिलिटीचा, म्हणजे पाणी काचेवर पसरते की गोळा होऊन बसते याचा प्रयोग करताना खडबडीतपणा आणि रासायनिक स्थिती वेगवेगळ्या हलवाव्या लागतात. त्यासाठी चार गट करायचे: सपाट-स्वच्छ, सपाट-सिलेन, खडबडीत-स्वच्छ, खडबडीत-सिलेन. सिलेन म्हणजे काचेला धरून बसणारे आणि तिला जलविरोधी करणारे रसायन. पुढची सगळी पद्धत या चार गटांभोवती बांधली आहे. तुम्हाला फक्त फिल्म चढवण्याआधी काच स्वच्छ करायची असेल, तर टप्पा १, ३, ४ आणि ६ पुरेत.

## तयारी: काय जमवायचे

प्रत्येक गटाला किमान ३ स्लाइड, म्हणजे १२. शिवाय काहीही प्रक्रिया न केलेल्या २ आणि मध्ये फुटतील म्हणून ३-४ जादा. सगळ्या एकाच बॉक्समधल्या घ्या. कंपनी तीच असली तरी दोन बॉक्समधल्या स्लाइडचा सुरुवातीचा कोन वेगळा निघतो.

बाकीचे सामान असे:

- काचेची कॉपलिन जार (स्लाइड उभ्या ठेवायची खाचांची बरणी), किंवा टेफ्लॉनचा स्लाइड स्टँड आणि बीकर
- स्टीलचा चपट्या टोकांचा चिमटा, डायमंड पेन्सिल
- लॅबोलीनसारखे प्रयोगशाळेचे द्रव डिटर्जंट
- ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), मिथेनॉल, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, टोल्युइन
- ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन, म्हणजे ओटीएस. हेच आपले सिलेन. बाटली ताजी हवी
- डीआयोनाइज्ड पाणी, शक्यतो १८ मेगाओहम-सेंटिमीटरच्या जवळचे
- ४०० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पावडर आणि खिडकीच्या जाड काचेचा एक सपाट तुकडा
- नायट्राइलचे पावडर नसलेले हातमोजे

पाण्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. मीटरवर १८ मेगाओहम दिसले की पाणी शुद्ध, असे धरले जाते. तो मीटर फक्त आयन मोजतो. प्लॅस्टिकच्या वॉश बॉटलमधून किंवा जुन्या रबरी नळीतून पाण्यात उतरलेले सेंद्रिय पदार्थ त्याला दिसत नाहीत, आणि स्पर्शकोन बिघडवतात ते नेमके तेच. पाणी त्याच दिवशी काढा आणि काचेच्या भांड्यात घ्या.

तपासणी: स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धे पाणी घेऊन जोरात हलवा. बुडबुडे एक-दोन सेकंदांत फुटले पाहिजेत. कडेला फेसाची रिंग रेंगाळली, तर त्या पाण्याने मोजमाप करू नका.

## टप्पा १: स्लाइड निवडणे आणि खुणा करणे

साधी स्लाइड सोडा-लाइम काचेची असते. तिच्यात सिलिका सुमारे ७२ टक्के आणि सोडियम ऑक्साइड सुमारे १४ टक्के. हे सोडियम हवेतल्या ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येते, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि पांढुरका थर धरते. मुंबईत, कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला बॉक्स चार महिन्यांनी काढला की स्लाइड एकमेकींना चिकटलेल्या आणि धुरकट दिसतात. तो नुसता मळ नसतो. काच वरून झिजलेली असते आणि तिचा खडबडीतपणा आधीच बदललेला असतो. असा बॉक्स या प्रयोगाला घेऊ नका, कितीही धुतला तरी.

फ्लोट पद्धतीने बनलेल्या काचेची एक बाजू वितळलेल्या कथिलावर तरंगलेली असते आणि तिच्यात थोडे कथील उतरलेले असते. दोन बाजूंचे रासायनिक वागणे सारखे नसते. कुठली बाजू कोणती, हे ओळखायला रसायनशास्त्र विभागातली टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) बघायची यूव्ही पेटी पुरते. अंधारात २५४ नॅनोमीटरच्या दिव्यासमोर स्लाइड जवळजवळ आडवी धरा. कथिलाची बाजू दुधी, किंचित निळसर चमकते. दुसरी तशी चमकत नाही. सगळ्या स्लाइडची न चमकणारी बाजू कामासाठी ठरवा. दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर ती काच फ्लोटची नसावी. तरीही एक बाजू ठरवून तीच शेवटपर्यंत वापरा.

खबरदारी: २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना इजा करतो. यूव्ही गॉगल लावूनच बघा.

आता खुणा. मार्कर पेनने नंबर टाकायची सवय इथे प्रयोग घालवते. मार्करची शाई ॲसिटोनमध्ये विरघळते आणि त्या बीकरमधल्या सगळ्या स्लाइडवर तिचा पातळ थर बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, स्पर्शकोन मात्र १० ते २० अंशांनी हलतो. डायमंड पेन्सिलने, न वापरायच्या बाजूला, कोपऱ्यात बारीक नंबर कोरा. कोरताना काचेचा चुरा पडतो, म्हणून हे काम धुण्याआधी उरका.

## टप्पा २: खडबडीत गट घासणे

घासणे धुण्याच्या आधी. हा क्रम उलटा झाला की घासताना लागलेली पावडर, बोटांचे तेल आणि काचेचा चुरा घेऊनच स्लाइड मोजायला जाते.

१. खिडकीच्या काचेवर चिमूटभर सिलिकॉन कार्बाइड पावडर टाका आणि पाण्याचे थेंब घालून पातळ लगदा करा.

२. स्लाइडची ठरवलेली बाजू खाली ठेवा. दोन बोटांनी मधोमध हलके दाबून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. सरळ रेषेत घासले तर एकाच दिशेचे ओरखडे पडतात. मग थेंब ओरखड्यांच्या दिशेने लांबतो आणि समोरून एक कोन, बाजूने दुसराच मिळतो.

३. दर मिनिटाला स्लाइडची टोके उलटसुलट करा, म्हणजे एकच बाजू जास्त झिजणार नाही.

४. ४-५ मिनिटांनी धुऊन, पुसून, दिव्यासमोर तिरपी धरून बघा. मध्ये चकचकीत बेटे दिसली तर ती जागा अजून घासली गेलेली नाही. बेटे संपेपर्यंत चालू ठेवा.

५. सगळ्या खडबडीत स्लाइड एकाच दिवशी, त्याच पावडरने आणि तितकाच वेळ घासा.

४०० नंबरच्या पावडरचा कण सुमारे १७ मायक्रॉनचा असतो. त्याने येणारा खडबडीतपणा मायक्रॉनच्या पट्टीत असतो, नॅनोमीटरच्या नाही. ही निवड मुद्दाम केली आहे: क्षेत्रगुणक इतका वाढायला हवा की त्याचा परिणाम कोनात स्पष्ट दिसेल.

खबरदारी: घासणे कायम ओलेच. कोरडा काचेचा धुरळा श्वासातून जाऊ देऊ नका. लगदा सिंकमध्ये सोडला की नळी तुंबते. बादलीत धुऊन खाली बसलेला गाळ वेगळा टाका.

खडबडीतपणा आणायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड का वापरत नाही, असे विचारले जाते. हे ॲसिड त्वचेतून आत जाते, हाडापर्यंत पोहोचते आणि रक्तातले कॅल्शियम खाली आणते. पातळ द्रावणाचा दाह तर काही तासांनी जाणवतो, तोवर इजा झालेली असते. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल, स्वतंत्र फ्यूम हूड नसेल आणि प्रशिक्षित माणूस शेजारी उभा नसेल, तर ही बाटली उघडूच नका. बाजारात मिळणाऱ्या काच एचिंगच्या क्रीममध्येही बहुधा फ्लोराइडचेच क्षार असतात. ती सौम्य समजून उघड्या हातांनी वापरणे तितकेच घातक आहे.

## टप्पा ३: धुणे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई नको. सपाट आणि खडबडीत स्लाइडसाठी वेगळी भांडी घ्या. घासलेल्या काचेच्या खाचांतून पावडर सुटत राहते आणि सपाट स्लाइडला ओरखडे पाडते.

१. डिटर्जंटचे सुमारे २ टक्क्यांचे द्रावण, ५० अंश सेल्सिअस, सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सुटवणारे यंत्र) १० मिनिटे. खडबडीत गटाला हे दोनदा, दर वेळी ताजे द्रावण घेऊन.

२. वाहत्या पाण्यात खळखळून, मग डीआयोनाइज्ड पाण्यात सॉनिकेटरला १० मिनिटे. पाणी बदलून पुन्हा १० मिनिटे.

३. ॲसिटोन, सॉनिकेटर, १० मिनिटे.

४. ॲसिटोनमधून काढून ओल्याच स्लाइड आयपीएमध्ये, १० मिनिटे. ॲसिटोन भराभर उडते आणि विरघळलेला मळ काचेवरच सोडून जाते. स्लाइडवर इंद्रधनुषी वर्तुळे दिसली, तर ॲसिटोन वाटेत सुकले आहे. पायरी ३ पासून पुन्हा.

५. डीआयोनाइज्ड पाणी, ५ मिनिटे.

६. फ्यूम हूडमध्ये मिथेनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड समप्रमाणात घेऊन त्यात ३० मिनिटे. मिश्रण करताना मिथेनॉलमध्ये ॲसिड हळूहळू ओता. पृष्ठभागावरचे सोडियम निघते आणि सिलॅनॉल गट, म्हणजे काचेतल्या सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट, मोकळे होतात. पुढे सिलेन त्यांनाच धरते. मिश्रण त्या दिवसापुरतेच करा, बाटलीत बंद करून साठवू नका.

७. डीआयोनाइज्ड पाण्याने किमान पाच वेळा खळखळणे.

पायरी ७ मध्ये बारकावा आहे. पाण्याच्या वरच्या थरावर तेलकट मळाचा अतिपातळ पापुद्रा तरंगत असतो. स्लाइड सरळ वर उचलली की तो पापुद्रा तिच्यावर चढून येतो. त्यासाठी जारमध्ये पाणी ओतत राहा, वरून भरून वाहू द्या, पृष्ठभाग वाहता असतानाच स्लाइड बाहेर काढा. एकाच स्लाइडच्या दोन टोकांना वेगळे कोन येण्याचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते.

वाळवायला सिलिंडरमधला नायट्रोजन वापरा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. टिश्यूने पुसणे नाही, हेअर ड्रायर नाही. नायट्रोजन नसेल तर स्लाइड स्वच्छ जारमध्ये उभ्या ठेवून ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास.

पिरान्हा द्रावणाविषयी एवढेच: तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे हे मिश्रण काच उत्तम साफ करते, पण ॲसिटोनचे किंवा आयपीएचे अवशेष त्यात गेले की स्फोट होऊ शकतो. वर दिलेल्या पद्धतीने काम भागते, तर तो धोका पत्करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रोमिक ॲसिड तर बंदच करावे. सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, शिवाय क्रोमियम काचेवर चिकटून राहते.

तपासणी, दोन प्रकारे: स्लाइड पाण्यात बुडवून उभी धरा. पाण्याचा थर अर्धा मिनिट सलग राहिला, कुठे फाटला नाही, तर ठीक. मग वाळलेल्या स्लाइडवर हळूच श्वास सोडा. मळकट काचेवर पांढरे धुके धरते, कारण वाफ बारीक थेंबांत जमते. स्वच्छ काचेवर वाफ सलग थरात बसते. काच पारदर्शकच दिसते, आणि थर उडताना कडेने रंगीत पट्टे सरकत जातात. ज्या स्लाइडवर श्वास सोडला ती मोजमापातून बाद.

या तपासणीला डिटर्जंट फसवू शकते. काचेवर त्याचा अवशेष राहिला तरी पाणी सुरेख पसरते आणि काच स्वच्छ वाटते. फरक काढायचा तर थोड्या पाण्यात दोन-तीन स्लाइड ठेवून ते पाणी बाटलीत हलवून बघा. फेस आला तर पायरी २ कमी पडली आहे.

## टप्पा ४: पृष्ठभाग जागा करणे

धुतल्यावर उरलेला सेंद्रिय मळ यूव्ही-ओझोन किंवा ऑक्सिजन प्लाझ्माने जातो. यूव्ही-ओझोन यंत्रात १८५ नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन तयार करतो आणि २५४ नॅनोमीटरचा मळाचे बंध तोडायला मदत करतो. १५ ते २० मिनिटे पुरतात. प्लाझ्माला कमी पॉवरवर २ ते ५ मिनिटे. कामाची बाजू वर आहे ना, हे झाकण लावण्याआधी बघून घ्या.

दोन्ही यंत्रे नसतील तर मफल फर्नेसमध्ये ४५० अंशांवर एक तास, तापमान हळूहळू चढवून आणि हळूहळू उतरवून. ५०० अंशांच्या पलीकडे सोडा-लाइम काच वाकू लागते. भट्टीत सिलॅनॉल गट एकमेकांशी जुळून पाणी सोडतात, त्यामुळे कोन यूव्ही-ओझोनइतका खाली येत नाही. एका प्रयोगात एकच पद्धत ठेवा.

खबरदारी: ओझोनचा वास आला की हवा काढणारा पंखा काम करत नाही असे समजा आणि यंत्र बंद करा.

इथून घड्याळ सुरू. स्वच्छ काच प्रयोगशाळेच्या हवेतला सेंद्रिय अंश ओढून घेते आणि तासागणिक कोन वाढत जातो. स्लाइड ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोल किंवा सिलिकॉन ग्रीस लावलेला डेसिकेटर वापरू नका. सिलिकॉन तर लांबूनही काचेवर येऊन बसते. मोजायला वेळ असेल तर स्लाइड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, पण काही तासच.

## टप्पा ५: सिलेन चढवणे

स्वच्छ काचेवर खडबडीतपणाचा परिणाम मोजता येत नाही, म्हणून हा टप्पा. सपाट काचेवर कोन २० अंश धरला तर त्याचा कोसाइन ०.९४, क्षेत्रगुणक १.०७ झाला तरी गुणाकार १ च्या पुढे जातो. म्हणजे पाणी पूर्ण पसरते आणि मोजायला कोनच उरत नाही. सिलेनने काच जलविरोधी केली की सपाट आणि खडबडीत, दोन्हींवर मोजण्याजोगा कोन मिळतो.

१. टप्पा ४ नंतर लगेच, कोरड्या स्लाइड टोल्युइनमधल्या ओटीएसच्या सुमारे ०.१ टक्के द्रावणात ३० मिनिटे. भांडे काचेचे, झाकण लावलेले.

२. ताज्या टोल्युइनने दोनदा, मग आयपीएने खळखळणे.

३. ओव्हनमध्ये ११० अंशांवर २० मिनिटे.

४. सपाट आणि खडबडीत स्लाइड एकाच द्रावणात, एकाच वेळी. भांडी वेगळी केली तर दोघींवरचे रासायनिक आवरण सारखे आहे असे म्हणता येणार नाही.

ओटीएस पाण्याशी लगेच अभिक्रिया करते. पावसाळ्यात खोलीची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा ते काचेवर बसण्याआधी द्रावणातच गुठळ्या धरते. द्रावण किंचित जरी दुधी झाले तरी फेकायचे. त्या गुठळ्या काचेवर बसतात, आणि तुमची ‘सपाट’ स्लाइड नकळत खडबडीत होते. जमल्यास ग्लव्ह बॉक्स किंवा नायट्रोजन भरलेली पेटी वापरा. नाही तर कोरडा दिवस बघून काम करा.

खबरदारी: या अभिक्रियेत हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. सगळे काम फ्यूम हूडमध्ये. टोल्युइनचा कचरा वेगळ्या बाटलीत, सिंकमध्ये नाही.

तपासणी: सपाट-सिलेन स्लाइडवर कोन १०५ ते ११० अंशांच्या आसपास हवा.

## टप्पा ६: स्पर्शकोन मोजणे

स्पर्शकोन आधी, खडबडीतपणा नंतर. एएफएमवर (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, नॅनोमीटरचे चढउतार मोजणारे यंत्र) स्लाइड तासभर उघडी राहते, पृष्ठभागावर सुई ओढून चढउतार मोजणारा प्रोफाइलोमीटर तर ओरखडाच पाडतो.

गोनिओमीटर, म्हणजे स्पर्शकोन मोजायचे यंत्र, नसला तरी अडत नाही. मॅक्रो लेन्स लावलेला मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, थेंबामागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे एलईडी दिवा, म्हणजे थेंबाची काळी, स्वच्छ कडा मिळते. मोबाइल एखाद-दोन अंश वरून खाली झुकवला की काचेत थेंबाचे प्रतिबिंब दिसते, आणि थेंब व प्रतिबिंब जिथे भेटतात ती आधाररेषा. कोन काढायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

१. थेंब २ मायक्रोलिटरचा. मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होतो.

२. सिरिंजच्या टोकाला थेंब लटकवून काच खालून वर आणा. उंचावरून टाकलेला थेंब आपटून जास्त पसरतो.

३. फोटो दर वेळी थेंब ठेवल्यावर १० सेकंदांनी. थेंब सुकत जातो तशी कड जागेवरच अडकून राहते आणि कोन उतरत जातो. पंखा, एसी बंद.

४. प्रत्येक स्लाइडवर ५ वेगळ्या जागा, डावा आणि उजवा कोन वेगळा नोंदवा. दोहोंत ३ अंशांहून जास्त फरक आला तर काच तिरपी आहे किंवा ती जागा मळकी आहे.

५. खोलीचे तापमान, आर्द्रता आणि टप्पा ४ नंतर किती मिनिटे झाली, हे प्रत्येक नोंदीसमोर.

सॉफ्टवेअरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका, हातानेही एकदा करा. थेंबाची उंची भागिले अर्धी रुंदी, त्याचा आर्कटॅन, गुणिले दोन. उंची ०.५ मिमी आणि तळाची रुंदी ३ मिमी असेल तर ०.५ भागिले १.५ म्हणजे ०.३३३, आर्कटॅन १८.४ अंश, कोन ३६.९ अंश. त्याच मापांवरून थेंबाचे आकारमान १.८ मायक्रोलिटर येते, सिरिंजमधून सोडलेल्या २ मायक्रोलिटरच्या जवळ. आकारमान फारच वेगळे निघाले तर फोटोची मोजपट्टी चुकलेली आहे.

१० अंशांखाली बाजूचा फोटो भरवशाचा नसतो. आधाररेषा एका पिक्सेलने हलली तरी कोन बदलतो. तिथे वरून फोटो घ्या आणि व्यास मोजा. कोन रेडियनमध्ये म्हणजे ४ गुणिले आकारमान, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा घन. २ मायक्रोलिटरचा थेंब ६ मिमी व्यासाचा झाला तर कोन ०.०९४ रेडियन, म्हणजे ५.४ अंश. थेंब गोल नसेल तर ही पद्धत लागू नाही. नोंदीत ‘पूर्ण पसरला’ एवढेच लिहा.

खडबडीत-सिलेन गटावर एकच स्थिर कोन पुरत नाही. सुई थेंबात ठेवून हळूहळू पाणी भरा. कड पुढे सरकू लागते तेव्हाचा तो पुढे जाणारा कोन. मग पाणी ओढा. कड मागे सरते तेव्हाचा मागे येणारा कोन. घासलेल्या काचेवर या दोहोंतले अंतर बरेच वाढते. ते न मोजता एकच आकडा दिला तर थेंब कसा ठेवला यावरच तो आकडा ठरतो.

## टप्पा ७: खडबडीतपणा मोजणे

सपाट गटाला एएफएम, घासलेल्या गटाला सुईचा प्रोफाइलोमीटर. एएफएमच्या क्षेत्राचा आकार ठरवून तो सगळीकडे एकच ठेवा, उदाहरणार्थ ५ गुणिले ५ मायक्रॉन. क्षेत्र मोठे केले की आरक्यूचा (चढउतारांच्या उंचीचे वर्गमूळ-सरासरी माप) आकडा बहुधा वाढतो, म्हणून १ मायक्रॉनच्या क्षेत्रातला आकडा १० मायक्रॉनच्या आकड्याशी ताडता येत नाही. प्रोफाइलोमीटरवर आरए (चढउतारांच्या उंचीची साधी सरासरी) ०.१ ते २ मायक्रॉनच्या पट्टीत असेल तर कट-ऑफ (याहून रुंद चढउतार वगळले जातात ती मर्यादा) ०.८ मिमी आणि मोजणीची लांबी ४ मिमी.

आरए किंवा आरक्यू वेन्झेलच्या समीकरणात घालता येत नाही. ते उंचीचे माप आहे. रुंद, मंद टेकड्या आणि अरुंद, टोकदार सुळके यांचा आरए सारखा येऊ शकतो, पण क्षेत्रगुणक अगदी वेगळा. एएफएमचे सॉफ्टवेअर एसडीआर नावाचे माप, म्हणजे सपाट क्षेत्रफळापेक्षा खरे क्षेत्रफळ किती जास्त, ते टक्क्यांत देते. त्याला १०० ने भागून १ मिळवला की क्षेत्रगुणक. प्रोफाइलोमीटरच्या सुईचे टोक २ ते ५ मायक्रॉन त्रिज्येचे असते. त्याहून अरुंद खाचांत ते उतरत नाही, त्यामुळे त्यावरून काढलेला गुणक खऱ्यापेक्षा कमीच असतो. ही मर्यादा अहवालात लिहा.

## टप्पा ८: चार गट एकत्र वाचणे

आधी सपाट-स्वच्छ आणि सपाट-सिलेन यांची तुलना. काच तीच, खडबडीतपणा जवळजवळ तोच, तरी कोन १० अंशांखालून १०५ च्या वर जातो. एवढा सगळा फरक रासायनिक आहे.

मग सपाट-सिलेन आणि खडबडीत-सिलेन. रसायन तेच, खडबडीतपणा वेगळा. समजा सपाटवर १०८ अंश आला आणि गुणक १.३ आहे. १०८ चा कोसाइन वजा ०.३०९, गुणाकार वजा ०.४०२, अपेक्षित कोन ११३.७ अंश. मोजलेला कोन याच्या जवळपास असेल तर वेन्झेलचे समीकरण लागू आहे. १३० च्या पुढे गेला तर थेंबाखाली हवा अडकलेली असण्याची शक्यता धरा; त्या स्थितीला कॅसी-बॅक्स्टरचे समीकरण लागते. घासलेल्या काचेवर थेंब बहुतेक खाचांत रुतून बसतो, आणि काच उभी केली तरी ओघळत नाही.

शेवटी दोन्ही स्वच्छ गट. ९० अंशांच्या खालच्या काचेला खडबडीतपणा आणखी ओली करतो, वरच्या काचेला आणखी कोरडी. घासलेल्या स्वच्छ काचेवर पाणी खाचांतून वेडेवाकडे पसरताना दिसेल. तिथे कोनाचा आकडा काढायचा खटाटोप नको.

## आकडे जुळत नसतील तर

सपाट-स्वच्छ १५ ते २५ अंशांवर अडकतो: आधी पाण्याची फेसाची तपासणी, मग टप्पा ४ नंतरचा वेळ. दोन्ही ठीक असतील तर आयपीएची बाटली बदला. वर्षभर उघडझाप झालेली बाटली संशयास्पद धरावी.

सपाट-सिलेन ९० ते ९५ देतो: आवरण अपुरे बसले. ओटीएस जुने असेल किंवा स्लाइड टप्पा ४ नंतर उघड्यावर पडून राहिली असेल.

सपाट-सिलेन १२० च्या वर जातो: सपाट पृष्ठभागावर ओटीएसने हे शक्य नाही. गुठळ्या बसल्या आहेत. एएफएमची प्रतिमा बघा, पांढरे ठिपके दिसतील. ती स्लाइड ‘सपाट’ गटातून काढा.

एकाच गटातल्या तीन स्लाइडचे आकडे विखुरले: खडबडीत गटात चकचकीत बेटे शोधा. सपाट गटात चिमटा कुठे धरला होता ते आठवा आणि त्या जागेपासून किमान १ सेंटिमीटर सोडून पुन्हा मोजा.

प्रक्रिया न केलेल्या स्लाइडचा कोन दर आठवड्याला वेगळा: बॉक्स उघडा राहतो आहे. अशा स्लाइडचा आकडा ‘मूळ काच’ म्हणून देऊ नका; सपाट-स्वच्छ गटालाच तुलनेचा पाया धरा.